घोडं रस्त्यावर थांबलं, खतही रस्त्यावरच थांबलं

आमची वरची पट्टी २८ गुंठ्यांची. पुरंदरच्या पूर्व भागातलं, पावसाच्या भरवशावरचं रान. गावरस्ता ओढ्याच्या अलीकडे संपतो. पुढं ओढ्यात उतरायचं, दोन बांध चढायचे, शेजाऱ्याच्या सीताफळाच्या बागेची कड धरायची, मग पट्टी लागते. ट्रॅक्टर जातो, पण वरच्या अंगानं वळसा घालून, चौघांच्या रानातून. म्हणजे त्यांची पिकं निघालेली असतील आणि त्यांचं-आमचं बोलणं चालू असेल तेव्हाच. शेणखताची भरलेली ट्रॉली त्या वळणावर एकदा कलंडली. तेव्हापासून ट्रॉलीवाला वर यायला तयार नाही.

तरी ही पट्टी कधी खताविना राहिली नव्हती. दर वर्षी वैशाख सरता सरता किंवा जेठाच्या तोंडावर धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र फिरणारी घरं, कोकणातून परत फिरायचा, तीन-चार रात्री आमच्या रानात मेंढरं बसायची, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत रानात पडायचं आणि पहिल्या पावसाआधी कुळवाची पाळी घातली की बाजरीला रान तयार. २०२१ साली वाडा आला, मेंढरंही तेवढीच होती, पण वरच्या पट्टीत कोणी गेलं नाही. पुढच्या दोन वर्षांतही नाही. मेंढ्या होत्या, आमची पैसे द्यायची तयारी होती, त्यांना मुक्कामाची गरज होती. मग अडलं कुठं? उत्तर घोड्यापाशी निघालं. ही हकिगत त्या घोड्याची.

वाडा आणि त्याची घोडी

आमच्याकडे येणारा वाडा साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला. तीन घरं, साडेतीनशेच्या आसपास मेंढरं, थोड्या शेरड्या, चार कुत्री आणि सहा घोडी. घोडे नव्हेत, घोडीच जास्त, कारण घोडी ओझंही नेते आणि शिंगरूही देते. दिवाळी झाली की ही मंडळी गाव सोडतात, बाजरी निघालेल्या रानांतून मुक्काम करत घाट उतरतात, कोकणात भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवतात आणि पाऊस यायच्या आत परत माणदेशात पोचतात. मेंढीला पावसाळी चिखल सोसत नाही, खुरं कुजतात. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी धनगरांच्या पोटशाखा राज्यात कुठं-कुठं राहतात याचा अभ्यास केला, तेव्हा त्यात पावसाचंच गणित दिसलं: मेंढ्या राखणारे कमी पावसाच्या पठारावर, म्हशी राखणारे गवळी धनगर सह्याद्रीच्या माथ्यावर.

आता घोडं यात काय करतं? बाहेरच्या माणसाला वाटतं, धनगर घोड्यावर बसतो. बसत नाही. त्याचा खंडोबा घोड्यावर बसतो. तो स्वतः मेंढरांमागं पायी, आणि त्याची बायको घोडीचा दोर धरून पायी. वाड्याची विभागणी अशी असते की सकाळी पुरुष मेंढरं घेऊन चरत-चरत रानोमाळ निघतात आणि बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून सरळ वाटेनं पुढच्या मुक्कामाला जातात. संध्याकाळी मेंढरं तिथं पोचेपर्यंत चूल पेटलेली असते, पाल म्हणजे राहायचा तंबू उभा असतो आणि वाघर लावलेली असते. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. खुंट्या ठोकून तिचं रिंगण केलं की झाला रातचा कोंडवाडा.

मी लहानपणी पहाटे उठून हे लादणं बघायला जायचो. आधी घोडीच्या पाठीवर जुन्या घोंगडीची चौपदरी घडी. तिच्यात एक सुरकुती राहिली तरी दुपारपर्यंत पाठ सोलून निघते, म्हणून वाड्यातली म्हातारी हात फिरवून बघायची, मगच वरचं ओझं. एका अंगाला पिठाची आणि धान्याची पोती, दुसऱ्या अंगाला भांडी, पाण्याचे कॅन, कुदळ. दोन्हीकडचं वजन नुसत्या हातानं तोलायचं. मग पोटाखालून तंग आवळायचा. घोडी इथं लबाडी करते, श्वास भरून पोट फुगवते, म्हणजे पुढं तंग ढिला पडतो. म्हातारी तिच्या पोटाला गुडघ्यानं हलकाच ढोसा द्यायची, घोडी श्वास सोडायची आणि त्याच क्षणाला गाठ. सगळ्यात वर जाळीची झोळी, तिच्यात काल-परवा जन्मलेली कोकरं, फक्त मुंडकी बाहेर. त्यांच्या शेजारी पाय बांधलेल्या कोंबड्या. एखादं चालून दमलेलं पोर असेल तर तेही तिथंच.

अशी सहा घोडी ओढ्यात उतरायची, बांधाला तिरकी चढायची आणि वरच्या पट्टीत जाऊन उभी राहायची.

नांगराला घोडं का नव्हतं

शेतीतला घोडा म्हटलं की चित्र येतं ते युरोप-अमेरिकेचं, मोठ्या खुरांचे, माणसाच्या डोक्याइतका उंच खांदा असलेले घोडे आणि मागं नांगर. ते चित्र खोटं नाही. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या वर जनावरं होती आणि पिकाखालच्या जमिनीतली जवळपास पाव जमीन त्यांच्याच चाऱ्यासाठी लागायची. १९५० च्या दशकाच्या मध्याला तिथं ट्रॅक्टरांची संख्या शेतावरच्या घोडे-खेचरांच्या पुढं गेली. आज पेनसिल्व्हेनिया, ओहायोकडचे, यंत्रं टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथातले आमिश शेतकरी सोडले तर तिथं नांगराला घोडं दिसणं विरळाच.

आपल्याकडे असं काही घडलं नाही, कारण मुळात नांगर बैलानंच ओढला. आपल्या बैलाला वशिंड असतं. त्याच्यापुढं आडवं लाकूड ठेवलं की जू तयार. जुवाला दोन शिवळा म्हणजे खुंट्या, गळ्याखालून दोन जोती म्हणजे पट्टे, काम झालं. घोड्याच्या मानेवर असं काही टिकत नाही. त्याला खांद्याभोवती भरलेलं जाड कातडी कडं लागतं, नाहीतर ओढताना गळा आवळतो. युरोपनं मध्ययुगात ते कडं वापरात आणलं आणि मग तिथं घोडा नांगराला आला. शिवाय बैल कडब्यावर राबतो, घोड्याला कामाच्या दिवसांत चंदी लागते, म्हणजे हरभऱ्यासारखा दाणा. जिथं माणसालाच दाणा पुरत नव्हता तिथं घोड्याच्या तोबऱ्यात दाणा घालून नांगर हाकणं कोणत्याही कुणब्याला परवडलं नसतं. आणि गाय दूध देऊन वर बैलही देते, हा हिशेब वेगळाच.

घोड्याला दाणा घालणं परवडायचं ते लढाईसाठी. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या काठची तट्टं मराठी फौजेत होती. शाळेत राज्यगीत म्हणताना पोरं ज्या भीमथडीचं नाव घेतात, ती हीच. बुटकी, काटक, थोडक्यावर राहणारी, डोंगरात पाय न चुकवणारी. फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायची आणि पावसाळ्याला छावणीत किंवा घरी परतायची. म्हणजे खरीप घरी, उन्हाळी मोहीम बाहेर. धनगराच्या वाड्याचं वेळापत्रक यापेक्षा फार वेगळं नाही. मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, धनगर घराण्यातले. मेंढरांमागून फौजेत जाताना त्यांना चालीचा आणि मुक्कामांचा हिशेब नव्यानं शिकावा लागला नसेल, असं मला आपलं वाटतं. इतिहासकार यावर काय म्हणतील ते म्हणोत.

१८१८ ला पेशवाई गेली, मराठी फौजा मोडल्या, इंग्रज लष्कराला उंच घोडा हवा होता. बुटक्या तट्टाला गिऱ्हाईक राहिलं नाही. पुढं ही जातच संपली असं कित्येकांनी धरून चाललं होतं. ती संपलेली नव्हती, फक्त तिच्या पाठीवर जिनाच्या जागी घोंगडी आली होती आणि स्वाराच्या जागी कोंबड्या. २०२४ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीला देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदलं. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया, कच्छी-सिंधी आणि आता भीमथडी. ज्यांच्या दावणीला ती टिकली, त्या वाड्यांवर मात्र त्याच सुमारास घोडी कमी होत होती.

पिकअप आल्यावर

२०२१ च्या जेठात वाडा आला तेव्हा आधी रस्त्यावर पिकअप थांबली. भाड्याची. तिच्यातून पाल, भांडी, पोती, गॅसची शेगडी, दोन म्हातारी माणसं आणि कोकरं उतरली. मागून दोन घोडी मोकळ्या पाठीनं. बाकीची चार विकली होती.

कारणं विचारली तर एकही पटणार नाही असं नव्हतं. मोठ्या रस्त्यावरून घोड्यांची रांग नेणं जिवावरचं झालंय. रात्रीची वाहनं थांबत नाहीत. एक घोडी अशीच गेली होती. पूर्वी ज्या वाटांनी ते जायचे, त्यांना आता बागांची तारेची कुंपणं आडवी आली आहेत. जिथं कुंपण नाही तिथं ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतात आणि घोड्याचा खूर नळीवर पडला की शेतकरी काठी घेऊन धावतो. माझ्या नळीवर पडला असता तर मीही धावलो असतो. पोरांच्या शाळेमुळं घरातल्या काही बायका आता गावीच राहतात. मग लादायला आणि दोर धरायला हात कुठून आणायचे? शेवटचं कारण वाड्यातल्या मामांनी सांगितलं, जरा लाजत: जावई म्हणाला, आता घोड्यांमागं फिरायचं वय नाही आमचं, फोन केला की गाडी येते.

देशभर हेच चित्र आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून जास्त घट. त्याच काळात देशातल्या मेंढ्या मात्र १४ टक्क्यांनी वाढून ७ कोटी ४० लाखांच्या वर गेल्या. म्हणजे मेंढरं वाढताहेत आणि त्यांचं बिऱ्हाड वाहणारं जनावर घटतंय.

पिकअपनं वाड्याचं काय बदललं हे लक्षात यायला मला एक वर्ष गेलं. बिऱ्हाड घोड्यांवर असताना मुक्काम रानात असायचा, जिथं मेंढरं बसवायची तिथंच. बिऱ्हाड गाडीत गेलं तसा मुक्काम गाडी थांबते तिथं आला. आणि मेंढरं रात्री मुक्कामाजवळच बसणार, कारण राखणदार, कुत्री, पाणी सगळं तिथंच. आमच्या भागात लांडगा आहे. रात्री मेंढरं एका बाजूला आणि माणसं दुसऱ्या बाजूला असं कोणी ठेवत नाही. परिणाम असा की रस्त्याकडच्या रानांत सहा-सहा, सात-सात रात्री मेंढरं बसू लागली आणि ओढ्यापलीकडं एकही नाही. ज्याच्या बांधाला डांबरी लागते त्याला लेंडीखत, आणि ज्याला ट्रॉलीही मिळत नाही त्याला नुसतं उपदेशाचं पत्रक. गावात यावर कुरबूर झाली, पण कुरबुरीचं कारण लोकांनी वेगळंच लावलं: धनगरांचे भाव वाढले, त्यांना पैसेवाले शेतकरी भेटले, वगैरे. आमच्या आईनंच पहिल्यांदा नेमकं बोट ठेवलं. "भाव न्हवं रं, त्यांची घोडी गेली. डोक्यावर घेऊन चढवायची का त्यांनी चूल?"

हिशेब

मेंढरं बसवण्याची किंमत नेमकी किती, हे मी कागदावर मांडून पाहिलं. आकडे माझ्या रानाचे आणि अंदाजाचे आहेत, पण अंदाज हातानं मोजून केलेला.

वाघरीत एका मेंढीला साधारण एक चौरस मीटर जागा पडते. साडेतीनशे मेंढरं म्हणजे रात्रीला साडेतीन गुंठे. दुसऱ्या रात्री वाघर पुढं सरकवायची. एक एकर पुरं करायचं तर अकरा-बारा रात्री. मेंढीमागं रात्रीचं अर्धा किलो धरलं तर एकराला दोन टनांच्या जवळपास ताजं खत पडतं. वाळून त्यातलं सातशे किलो उरतं असं समजू. कृषीच्या पुस्तकांत मेंढीच्या खतात सरासरी ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद आणि २ टक्के पालाश दिलेलं असतं. साध्या शेणखतात नत्र अर्धा टक्का. तर सातशे किलोंत नत्र आलं २१ किलो, स्फुरद ७, पालाश १४.

आता युरियाची ४५ किलोची गोणी घ्या. तिच्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. अकरा रात्रींचं नत्र आणि एका गोणीचं नत्र सारखंच! आणि गोणी सव्वादोनशे-पावणेतीनशेच्या घरात मिळते, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून वरच्या पट्टीत नेता येते. हे गणित पुरं झालं तेव्हा मी थोडा वेळ पेन खाली ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं, घोड्याला पिकअपनं हटवलं. पण पिकअप तर फक्त बिऱ्हाड नेते. घोड्याचं खरं काम होतं आडरानात खत पोचवणं, आणि ते काम सरकारी अनुदानावरच्या पांढऱ्या गोणीनं आधीच स्वस्त करून टाकलं होतं. शेतकऱ्याला आडरानात मेंढरं बसवायची निकड राहिली असती तर त्यानं दोन पैसे जास्त देऊन घोडी राखायला लावली असती. ती निकडच गोणीनं काढून घेतली.

फक्त नत्रावर तोलणं हे मात्र बनवाबनवीचं तोलणं आहे. गोणीत स्फुरद नाही, पालाश नाही, काडीकचरा नाही. युरिया एका पावसात पिकाला लागतो आणि त्याच हंगामात संपतो. लेंडी दुसऱ्या वर्षीही हळूहळू विरघळत असते. मेंढराचं मूत थेट मातीत जातं, ते शेणखताच्या उकिरड्यात कधीच हाती लागत नाही. मात्र त्याला एक अट आहे: सकाळी वाघर उचलली की रानाला जो डोळे चुरचुरणारा वास येतो, ते नत्रच उडून चाललेलं असतं. लवकर कुळव घालून ते मातीत दाबलं नाही तर निम्मी मजा हवेत. आमचे आजोबा वाघर उठायच्या आधी बैल जुंपून उभे असायचे, ते का, हे मला अमोनिया हा शब्द कळल्यावर कळलं.

तीन वर्षं वरच्या पट्टीत फक्त गोणी गेली. पाऊस झाल्यावर माती पूर्वीपेक्षा लवकर कवच धरते, कुळवाला ढेकूळ जास्त निघतं, हे मी आणि आईनं दोघांनीही पाहिलं. बाजरीची कणसं आखूड होती. पण याचं सगळं खापर खतावर फोडणार नाही, कारण २०२३ ला पाऊसच दगा देऊन गेला आणि रस्त्याकडच्या, मेंढरं बसलेल्या रानातही बाजरी काही छाती फुगवण्यासारखी नव्हती. शेजारच्या एकानं मला सांगितलं, "पोल्ट्रीचं खत टाक." टाकायला हरकत नाही, पण ते वर न्यायचं कशानं? फिरून प्रश्न तिथंच.

तोडगा

२०२४ च्या वैशाखात वाडा येणार असा फोन आला तेव्हा मी रस्त्यावरच जाऊन थांबलो. पिकअप आली, मागून दोन घोडी आली. त्यातली तांबडी घोडी गाभण होती. म्हातारी आता बरीच थकलीय, पण गाडीतून उतरल्यावर तिनं पहिला हात घोडीच्या पाठीवरूनच फिरवला.

"आजी, वरच्या पट्टीत यायचं का औंदा?"

"पिकपला बांध चढता येतो व्हय?"

"पिकप राहू द्या खाली. घोडी चढतात की."

मग बोलणं झालं, आणि ते सरळ झालं नाही. मामांचं म्हणणं, दोन घोड्यांवर तीन घरांचं बिऱ्हाड मावत नाही. मी म्हटलं, बिऱ्हाड नकोच. वाघर, खुंट्या, पाण्याचे कॅन, दोन माणसांचा स्वयंपाक आणि घोंगड्या, एवढंच वर न्या. बाकी पाल खाली रस्त्याकडेला राहू द्या. त्यांचा दुसरा मुद्दा लांडग्याचा. त्यावर ठरलं की चारातली तीन कुत्री वर आणि आमच्याकडचा एक माणूस सोबतीला. तो माणूस म्हणजे मीच. तिसरा मुद्दा पैशाचा. रस्त्याकडच्या शेतकऱ्यापेक्षा रात्रीमागं जास्त द्यायचं मी कबूल केलं. मामा तरीही गप्प. शेवटी म्हातारीनंच सोडवलं: "पैसं त्यांला द्या. घोडीला दोन पायल्या हरभरा द्या. गाभण हाय." पूर्वी आमच्याकडे सगळाच व्यवहार पायलीनं, म्हणजे धान्याच्या मापानं व्हायचा, वाड्याला ज्वारी-बाजरी मोजून दिली जायची. पैसा आल्यावर घोडीचा वाटा त्यातून कधी गळाला ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

कोकरं खाली रस्त्यावर ठेवली, त्यांच्या आयाही. म्हणजे मेंढरं तीनशेच वर गेली. गाभण घोडीवर फक्त घोंगड्या आणि कॅन; जड सगळं काळ्या घोडीवर. ओढ्याला पाणी नव्हतं, पण वाळू तापलेली होती. दुसऱ्या बांधाशी वाट मोडली आहे, पावसानं दगड सुटलेत. तिथं काळी घोडी थांबली, खाली मान घालून दगड हुंगले, मागचा पाय एकदा उचलून परत तिथंच ठेवला आणि मग अंग तिरकं करून तीन झटक्यांत वर. मामांनी दोर ओढलाही नव्हता. चार फूट आणि काही इंचांचं ते जनावर, शहरातल्या वरातीत उभं केलं तर लोक हसतील.

चार रात्री मेंढरं बसली. रोज तीन गुंठे, म्हणजे बारा गुंठे झाले; अर्ध्या पट्टीला दोन गुंठे कमी. पुढच्या वर्षी वरची बाजू घ्यायची असं बोललो. दुसऱ्या रात्री कुत्री फार भुंकली, आम्ही दोघं बॅटरी घेऊन तासभर फिरलो, लांडगा दिसला नाही. तिसऱ्या रात्री वळवाचा पाऊस आला आणि पाल खाली असल्यामुळं आम्ही घोंगडी डोक्यावर घेऊन बसून राहिलो. घोंगडीत पाणी मुरत नाही, खाली ओघळतं, ते माझ्या मानेतच ओघळत होतं. मामा म्हणाले, "गाडीत बसला असता तर बरं झालं असतं न्हाई?" त्यांचा रोख माझ्यावर होता की जावयावर, कळलं नाही.

सकाळी ट्रॅक्टर वळसा घालून आणायला परवानगी मिळाली नाही, म्हणून शेजाऱ्याची बैलजोडी सांगून कुळव घातला. गावात आता तीनच बैलजोड्या उरल्यात. तो हिशेब परत कधी.

हा तोडगा टिकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. तो दोन घोड्यांवर आणि एका म्हातारीच्या शब्दावर उभा आहे. भीमथडीला जात म्हणून मान्यता मिळाल्यानं तिचे भाव वाढतील, हौशी लोक घेतील, शर्यतीला आणि प्रदर्शनाला नेतील; त्यात वाईट काही नाही. पण तबेल्यात बांधून चंदीवर वाढवलेली, दर पिढीला थोडी उंच निवडलेली भीमथडी दहा-वीस वर्षांनी दगड हुंगून बांध चढेल का, याची मला शंका आहे. तिचे गुण ओझ्यानं आणि चालीनं घडवलेले आहेत. घोड्यांसाठी काही करायचंच असेल तर वाड्यांच्या जुन्या वाटा मोकळ्या ठेवणं आणि आडरानात मेंढरं बसवणाऱ्या शेतकऱ्याला गोणीइतकंच अनुदान देणं, यानं जास्त काम होईल असं माझं मत. युरियाला सरकार पैसे देतं, लेंडीला का नाही?

तांबडीला दसऱ्याच्या आसपास शिंगरू झालं, घोडीच आहे. दिवाळीनंतर वाडा कोकणाकडे जाताना आमच्या बांधाला थांबला तेव्हा ती आईच्या पोटाला घासत चालत होती, पाठ मोकळी. जावयाच्या डोक्यात तिला बाजारात नेऊन विकायचं आहे. म्हातारीनं तिच्या पाठीवर घोंगडीचा एक लहान तुकडा टाकून ठेवला होता, ओझं नाही, नुसताच तुकडा. "सवं लागाय पायजे," एवढंच म्हणाली.